मुलींचं शिबिर: प्रार्थना आणि सेवा एकाच दिवसात कशा बसवाव्यात

चर्चच्या मुलींच्या शिबिरात तीन दिवस गाणी, प्रवचनं आणि पाठांतर, आणि चौथ्या दिवशी दुपारी दोन तास किनारा-सफाई, असा क्रम अनेकदा लावला जातो. त्यात सेवा शेवटी उरते, मुली तोवर दमलेल्या असतात आणि केलेल्या कामावर बसून विचार करायला वेळच राहत नाही. इथली आखणी उलटी आहे. सेवा दुसऱ्या दिवसाच्या सकाळपासून, रोज, थोडी थोडी. आणि पवित्र शास्त्राचं वाचन त्या कामाला लागून. हात कामाला लागल्यावर मुलींना पडणारे प्रश्न खरे असतात, आणि वचन अशा प्रश्नांशीच बोलतं.

हिशेब असा धरला आहे: १२ ते १६ वर्षांच्या ४० मुली, ८ ते १० मोठी माणसं, चार रात्री आणि पाच दिवस, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरची एखादी शाळा किंवा चर्चचा हॉल. सोमवारी दुपारी सुरू करून शुक्रवारी जेवणानंतर सोडायचं. म्हणजे रविवारची मिस्सा किंवा उपासना प्रत्येकीला आपापल्या चर्चमध्ये मिळते आणि कॅथलिक व प्रोटेस्टंट मुली एकत्र असल्या तरी त्या बाबतीत ओढाताण होत नाही.

मे की दिवाळी

मे महिन्यात सगळ्यांना सुट्टी असते, म्हणून शिबिरं मेमध्ये होतात. पण कोकणातल्या विहिरी तेव्हाच तळाला जातात, दुपारी अंगाची काहिली होते आणि गावाला पाणी पुरत नसताना आपण पन्नास माणसं नेऊन उतरवतो. कॅथलिक वाड्यांमध्ये मे हा मरियेचा महिना. संध्याकाळी क्रुसाजवळ रोझरी असते आणि तिथे मुलीच पुढे असतात, त्याही निघून येतात. दोडामार्ग-सावंतवाडी भागात जानेवारी ते मे हा रानातल्या गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचा हंगाम असतो, तेव्हा तिथे मुलींना रानात नेऊ नये. आमचा कौल दिवाळीच्या सुट्टीला. विहिरी भरलेल्या, व्हाळ (ओढे) वाहते, हवा सुसह्य. अडचण एकच, भातकापणी. तारीख ठरवण्याआधी चार-पाच घरांत विचारून घ्यावं की कापणी-झोडणी कधी आटपेल. नाहीतर ज्या घरांत हातांची गरज आहे, नेमक्या त्याच घरांतल्या मुली येत नाहीत. मे टाळता येत नसेल तर निदान पहिला पंधरवडा धरावा.

फी सगळ्यांना सारखी सांगावी, पण बंद पाकिटात घ्यावी आणि पाकीट एकाच माणसाने उघडावं. कोणी किती भरले हे गटांच्या ताईंनाही कळू नये.

माणसं आणि परवानग्या

आठ मुलींमागे एक ताई, म्हणजे पाच ताया. शिवाय एक नर्स, एक स्वयंपाकीणबाई आणि तिची मदतनीस. झोपायच्या प्रत्येक खोलीत किमान दोन मोठ्या बायका. फादर किंवा पाळक दिवसा येतील, रात्री मुक्काम दुसरीकडे. कोणतीही मोठी व्यक्ती, ताईसुद्धा, एका मुलीबरोबर बंद दाराआड बसणार नाही. मनातलं बोलायचं असेल तर व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर बसावं. १८ वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी समितीत बोलू’ हा पर्याय कायद्यात नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन पहिल्या संध्याकाळीच मुलींना सांगून फळ्यावर लिहून ठेवावी.

आईवडिलांच्या संमतीपत्रात औषधं, ॲलर्जी, फोटोची परवानगी आणि न्यायला कोण येणार त्याचं नाव हवं. दुसऱ्या धर्माची मैत्रीण सोबत यायची असेल तर हे प्रार्थनेचं शिबिर आहे हे तिच्या आईवडिलांना स्पष्ट सांगून लेखी संमती घ्यावी. ती आपली पाहुणी. तिला प्रार्थनेत बसायचं नसेल तर त्या वेळेसाठी दुसरं काम आधीच ठरवलेलं असावं.

फोन पहिल्या दिवशी नाव लिहिलेल्या कापडी पिशवीत जमा करून रोज संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटांसाठी परत द्यावेत. पूर्ण बंदी घातली तर काळजीने घरचेच दारात येऊन उभे राहतात.

पाणी, मासळी, संडास

माणशी दिवसाला ५० लिटर, म्हणजे पन्नास जणांना अडीच हजार लिटर. त्यातलं प्यायचं पाणी २०० लिटर, तेही उकळून गार केलेलं. टाकीच्या पाण्यात टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची) पावडर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडूनच टाकून घ्यावी. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, आणि त्यानंतर अर्धा तास पाणी वापरायचं नाही. आंघोळीला एक बादली. हे पहिल्या दिवशी प्रेमाने सांगितलं की मुली पाळतात. तिसऱ्या दिवशी रागावून सांगितलं तर उपयोग होत नाही. संडास दहा मुलींमागे एक, आत कडी आणि झाकणाचा डबा हवाच. सॅनिटरी पॅड सामानाच्या खोलीत न ठेवता न्हाणीघराजवळच्या फळीवर उघड ठेवावेत, कोणाला मागावे लागू नयेत. आणि पाळी आली म्हणून प्रार्थनेला, स्वयंपाकाला किंवा वेदीची फुलं लावायला कोणी मागे राहायचं नाही, हे एका ताईने सगळ्यांसमोर नीट सांगावं. ज्या घरांत अजून बाजूला बसवतात तिथल्या मुलींना हे ऐकायची फार गरज असते.

जेवणाला एका वेळी साडेचार ते पाच किलो तांदूळ, पावणेदोन किलो डाळ. सकाळी साडेतीन किलो पोहे किंवा उकड्या तांदळाची पेज. सोलकढीला आठ-दहा नारळ आणि अर्धा लिटर आगळ (कोकमाचा अर्क) पुरतं. मासळी बर्फातलीच घ्यावी. बांगडा काही तास उन्हात पडला तर त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, डोकं जड, उलट्या. वासावरून नेहमी कळतंच असं नाही, म्हणून होडीवरून घेतल्यापासून चुलीपर्यंत मासळी बर्फात राहिली ना, हेच पाहायचं.

जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि चप्पल, कारण जांभ्या दगडाच्या गडग्यांत (कुंपणाच्या भिंतींत) फुरसं हा विषारी साप असतो. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करून सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ते रुग्णालय कुठलं, हे शिबिर सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवलेलं असावं.

पाच गट, रोज फिरणारी कामं

आठ-आठ मुलींचे पाच गट, नावं बायबलमधल्या स्त्रियांची: रूथ, एस्तेर, मार्था, दुर्कस, फिबी. पाच कामं: पाणी, स्वयंपाकाला मदत, भांडी, झाडलोट-संडास, प्रार्थनेची तयारी. रोज काम बदलतं, पाच दिवसांत प्रत्येक गटाकडे प्रत्येक काम येतं. मैत्रिणी वेगवेगळ्या गटांत घालाव्यात, पण एका गावची एक तरी मुलगी सोबत असावी, नाहीतर धाकटी पहिल्याच रात्री घरी जायचं म्हणते.

इथे एक गोष्ट नेहमी बिघडते. बोर्डिंगच्या किंवा गरीब घरच्या मुलींना भांडी पटापट घासता येतात, म्हणून दुसऱ्या दिवसापासून भांड्यांशी त्याच दिसायला लागतात, आणि गिटार येणाऱ्या, इंग्रजी शाळेतल्या मुली प्रार्थनेच्या तयारीत. कोणी मुद्दाम करत नाही, काम लवकर आटपावं म्हणून होतं. पण मुली हे बघतात, आणि चर्चमध्येही मोठेपण कसं वाटलं जातं ते त्यातून शिकतात. म्हणून पाळ्या लिहून लावाव्यात आणि काम कितीही रेंगाळलं तरी अदलाबदल करू देऊ नये. संडास पहिल्या दिवशी स्वतः तायांनी धुवावेत, मुलींच्या समोर, काही न बोलता.

आजीच्या घरी

बाहेरची सेवा काय निवडावी? कोकणात याचं उत्तर शेजारच्या वाडीतच असतं. मुलं मुंबईला, घरात म्हातारी माणसं दोघं किंवा एकटीच. शिबिराच्या पंधरा दिवस आधी दोन तायांनी वाडीत फिरून वीस घरं ठरवावीत, सगळ्या धर्मांची, आणि प्रत्येक घरी स्वतः जाऊन विचारावं, “दोन मुली तीन दिवस सकाळी तुमच्याकडे आल्या तर चालेल का?” नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारू नये.

एक मोठी, एक धाकटी अशी जोडी. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस तेच घर, साडेआठ ते दहा. चार-पाच घरांमागे एक ताई वाडीत फिरत राहील. घरात एकटा पुरुष असेल तर जोडी अंगणात किंवा ओसरीवरच काम करेल आणि ताई तिथेच थांबेल.

पहिल्या दिवशी काम करायचंच नाही. ओट्यावर बसायचं, नाव सांगायचं, ऐकायचं. मुलींना हे सगळ्यात जड जातं, लगेच झाडू उचलावासा वाटतो. न विचारता झाडू उचलला की आजीला वाटतं, माझं घर अस्वच्छ आहे हे दाखवायला आल्या. त्यातून मुली सामान नीट लावतात. अडकित्ता फळीवरून टोपलीत जातो, डोळ्यांना कमी दिसणारी आजी दोन दिवस तो शोधत राहते, आणि आपली मदत तिला त्रासाची होते. वस्तू जिथे होती तिथेच परत. दुसऱ्या दिवशी जाताना एकच प्रश्न, “आजी, आज काय करू?” उत्तरं साधी असतात: दोन कळश्या पाणी, चुलीसाठी चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) तोडून ठेव, मुंबईच्या मुलाला फोन लावून दे, चष्म्याची काडी बसव. औषधांच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. गोंधळ दिसला तर नर्सला सांगायचं. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र घ्यायचा. आजीने दिलेला चहा नाकारला तर आपण देणाऱ्या आणि ती घेणारी, असं होऊन बसतं.

तिसरा दिवस शेवटचा, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. आणि या घरांत पत्रकं वाटायची नाहीत, धर्माचा विषय आपण काढायचा नाही, फोटो काढायचा नाही. आजीने विचारलंच, “तुम्ही कोण गं?” तर खरं सांगायचं. मदतीच्या बदल्यात काही ऐकवून घेतलं की ती मदत राहत नाही.

अंगमेहनतीचं काम हवं असेल तर दिवाळीच्या सुमारास व्हाळावर वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या पिशव्यांचा तात्पुरता बांध, घालता येतो. ग्रामपंचायत आणि कृषी सहाय्यकाशी बोलून जागा त्यांनीच दाखवावी. पाच मीटर लांब, एक मीटर उंच बंधाऱ्याला सिमेंटच्या रिकाम्या अडीचशे-पावणेतीनशे पिशव्या लागतात. पिशवी अर्धीच भरायची, पंचवीसेक किलो; पूर्ण भरली तर मुलींच्या कंबरेत भरते आणि पिशवी वर नीट बसतही नाही. तोंड शिवून विटांसारखे सांधे मोडत थर लावायचे, तळ रुंद, माथा अरुंद. पायाला जखम असलेल्या मुलीने पाण्यात उतरायचं नाही. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका असतो. गमबूट गावातून मागून आणावेत.

किनारा साफ करायचा तर जाड हातमोजे आणि तुटक्या जाळ्यांसाठी कोयता हवा, तोही ताईच्याच हातात. गोळा केलेला कचरा कोण उचलून नेणार हे ग्रामपंचायतीशी आधी ठरवावं, नाहीतर पुढच्या उधाणाला तो परत पाण्यात जातो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर वाळू उकरू नये आणि रात्री दिवे घेऊन जाऊ नये.

वचन कसं वाचावं

कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, लिंबू सरबत पिऊन, साडेदहाला गटागटाने वाचन. उतारा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा. दुसऱ्यांदा जिथे मन अडकलं ते वाक्य वहीत उतरवायचं. तिसऱ्या वाचनानंतर दहा मिनिटं पूर्ण शांतता. मग ज्यांना बोलायचं त्या बोलतील; वही कोणी मागायची नाही, ताईनेही नाही. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. खालचे उतारे दोन्हीकडे आहेत.

पहिल्या संध्याकाळी १ शमुवेल ३. रात्री लहान शमुवेलाला हाक ऐकू येते, तो तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पंधरावं वचन मात्र सुटतं: सकाळ झाल्यावर शमुवेलाने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. एवढी मोठी हाक ऐकूनही त्याने आपलं रोजचं काम केलं. दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या पाळ्या इथेच वाचून दाखवाव्यात.

मंगळवारी प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२. यापो हे बंदर, म्हणजे आपल्यासारखंच समुद्रकाठचं गाव. तिथली दुर्कस वारल्यावर विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिने शिवलेले कपडे. एकच प्रश्न ठेवावा: आपल्या वाडीत लोक कोणाची कोणती वस्तू अशी दाखवतील?

बुधवारी लूक १०:३८-४२, मरीया आणि मार्था. इथे ताईने फार सांभाळून बोलावं. ‘मरीया चांगली, मार्था चुकली’ एवढंच सांगितलं तर त्या दिवशी कांदा चिरून डोळे लाल झालेल्या आठ जणींना ते लागतं. म्हणून लगेच योहान ११:२७ वाचावं: भाऊ मेलेला असताना “तू ख्रिस्त आहेस” असा स्पष्ट विश्वास बोलून दाखवते ती हीच मार्था. येशूने तिला काम सोड म्हटलं नाही. तिच्या मनाची तगमग त्याला दिसली. मुलींना विचारावं, काम करताना तुमची तगमग कशाने होते?

गुरुवारी योहान १३:१-१७, आणि त्याच रात्री पाय धुणं. पाच घमेली, माणशी दोन लिटर कोमट पाणी, प्रत्येकीला वेगळं पाणी आणि स्वच्छ टॉवेल, कारण बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या एकीच्या दुसरीला होतात. ताया मुलींचे पाय धुतील. मग स्वयंपाकीणबाईंना बसवून मुली त्यांचे. तांबड्या मातीने पाय खरोखर मळलेले असतात, त्यामुळे त्यात नाटकीपणा राहत नाही. सुरुवातीला हसू फुटतं, फुटू द्यावं. भेगांची किंवा जखमेची लाज वाटणारी मुलगी नको म्हणाली तर तिला समई सांभाळायला द्यावी. हा कॅथलिकांच्या पुण्य गुरुवारचा विधी नाही, शिबिरातली एक कृती आहे, हे आधी सांगितलेलं बरं.

शुक्रवारी पहाटे योहान २१:१-१४, किनाऱ्यावर. पन्नास बांगडे, शंभर पाव, करवंटीच्या कोळशाच्या तीन शेगड्या. बांगड्याला चिरा देऊन मीठ, हळद, आगळ लावून दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटं. दोन घाण्यांत चाळीस मिनिटांत होतं. वाढायचं तायांनी, मुलींनी फक्त बसायचं. भाषण नाही, उताऱ्यातही खायला बोलावताना प्रभू “या, न्याहारी करा” एवढंच म्हणतो.

संध्याकाळची प्रार्थना रोज किनाऱ्यावर साडेपाचला. भरतीचा अंदाज कोळी काढतात तसा काढावा: तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी वर असेल, पण भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असल्याने जोर कमी. पौर्णिमेला त्या वेळी लांबवर ओहोटी. पाण्यात घोट्याच्या वर कोणी जायचं नाही. पोहता येणाऱ्या मुलीही ओढीच्या पाण्यात अडकतात, कारण त्या पुढे जातात. दर्यावर्दी घरातल्या मुली असतील तर स्तोत्र १०७ मधली २३ ते ३० ही वचनं त्यांनाच वाचायला द्यावीत. गाण्यांना पेटी आणि झांजा पुरेत. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या ना. वा. टिळकांची भजनं बऱ्याच जणींना घरून येत असतात.

शेवटच्या रात्री शेकोटीभोवती रडवणारं प्रवचन आणि ‘ज्यांनी येशूला जीवन दिलं त्यांनी हात वर करा’ हे टाळावं. चार दिवस दमलेली तेरा वर्षांची मुलगी शेजारणीचा हात वर गेला की स्वतःचाही करते, आणि घरी गेल्यावर आपण खोटं वागलो असं तिला वाटत राहतं. त्याऐवजी सकाळी प्रत्येकीला कोरा कागद द्यावा. देवाला काय सांगायचं ते लिहून कागद स्वतःजवळ ठेवायचा.

नंतर

प्रत्येकीने आपल्या गावात एकच काम निवडून सहा आठवडे करायचं: एका आजारी शेजारणीकडे आठवड्यातून एकदा जाणं, रविवार शाळेत धाकट्यांना सांभाळणं, चर्चची झाडलोट. कामाचं नाव, वार आणि वेळ लिहून गटाच्या ताईकडे द्यायचं. ताई दर दुसऱ्या रविवारी आईच्या फोनवर विचारेल. खंड पडला तर रागवायचं नाही, वार बदलून द्यायचा. वाडीतली वीस घरं स्थानिक चर्चच्या महिला मंडळाकडे नावानिशी सोपवायची. पहिली भेट आठ दिवसांत व्हायला हवी.

एखादी म्हणेल मला सिस्टर व्हायचंय, दुसरी बाप्तिस्म्याबद्दल विचारेल. शिबिरात कोणताही शब्द देऊ-घेऊ नये. महिन्याभराने आईवडिलांच्या सोबत फादरांना किंवा पाळकांना भेटायची वेळ ठरवून द्यावी, आणि त्या भेटीला तिची ताई बरोबर जाईल.